हिरव्या अंधारातलं बोलणं

वाघूळ हे नाव काकांना त्यांच्या पुतणीने ठेवलं. ती अगदी लहान असताना तिला कोणीतरी सांगितलं, की वटवाघळं दिवसभर अंधाऱ्या जागी गप्प लटकून असतात. तिने लगेच विचारलं, "म्हणजे आपल्या काकासारखी?" घरात हशा पिकला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुतणी पुढे कॉलेजात गेली, चष्मा लावू लागली, पण काका मात्र वाघूळकाकाच राहिले.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. काकांची उमेदीची सगळी वर्षं एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत सरली होती. पुढे मालक गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून हनुवटी वर करायला सांगायचे, आणि मागे, लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, काका कोरे कागद औषधाच्या पाण्यात बुडवून उभे असायचे. कागदावर आधी केस उगवायचे, मग भुवया, मग डोळ्यांच्या बाहुल्या. गाल आणि कपाळ अगदी सावकाश, धुक्यातून कोणी चालत यावं तसे. शहरातल्या निम्म्या लोकांना काकांनी असं पाण्यातून वर येताना पाहिलं होतं. तेच लोक रस्त्यात समोरून आले की काका मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. उजेडात माणसाशी काय बोलायचं असतं, हे त्यांना कधी उमगलंच नाही. लग्नाचं एक-दोनदा निघालं होतं. पण प्रत्येक प्रश्नाला काकांच्या वतीने वहिनीच उत्तर देऊ लागल्या, तेव्हा मुलीच्या आईने हळूच विचारलं, "मुलाला बोलता येतं ना?" त्यानंतर वहिनींनी तो नाद सोडला.

मग ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरे असलेले फोन आले आणि स्टुडिओ बंद पडला. काका काही महिने घरी बसले. दादाच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली होती, तिच्या खिडकीला जाड पडदा होता. वहिनी चहा घेऊन वर यायच्या, पडदा सारायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, उजेडाचं एवढं वावडं बरं नव्हे." त्या खाली गेल्या, की काका पडदा पुन्हा ओढून घ्यायचे.

शेवटी दादानेच शोध लावला. शहराच्या कडेला झाडांवर संशोधन करणारी एक संस्था होती. तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंना अंधारात काम करू शकेल असा माणूस हवा होता. आलेली माणसं आठवड्याभरात पळून जात होती.

बाईंनी काकांना काही विचारलं नाही. एका लांब बोळातून नेलं, एकामागे एक अशी दोन दारं उघडून मिटली आणि त्या आतूनच म्हणाल्या, "काय दिसतंय?"

"अजून काही नाही," काका म्हणाले. "जरा थांबू या."

दोघं थांबली. हळूहळू अंधार विरघळू लागला आणि त्यात कुठेतरी खोल, तळ्याच्या बुडाशी असावा तसा, एक हिरवा दिवा दिसू लागला. मग फडताळं दिसली, त्यांवरचे ट्रे, आणि ट्रेमध्ये दाटीने उभे असलेले मक्याचे कोंब. उजेड कधीच न पाहिलेले, मेणासारखे फिकट, सगळेच्या सगळे सरळ. कोणीतरी आत येणार म्हणून श्वास धरून उभे असल्यासारखे.

"बाकीचे आत आले की धडपडायला लागतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही थांबलात. उद्यापासून या."

काम नाजूक होतं, पण अवघड नव्हतं. दिवा हिरवा, कारण कोंबांना हिरवा उजेड जवळजवळ कळतच नाही. त्या उजेडात कोंबांचे शेंडे खुडायचे, खालच्या दांड्याचे सारखे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा जेलीच्या दोन इवल्या वड्यांच्या मध्ये उभा करायचा. वरच्या वडीत बाईंनी घातलेला रस असे. त्या रसाला अशी खूण केलेली, की पुढे तो मशीनवर मोजता यावा. खालच्या वडीत किती उतरला ते बाई बघायच्या.

"याला संप्रेरक म्हणतात," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पण तुम्ही नुसतं रस म्हणा. हा शेंड्यात तयार होतो आणि खाली उतरतो. एका पेशीच्या दारातून आत, दुसऱ्या दारातून बाहेर, मग पुढची पेशी. जिथे पोचेल तिथे कोंब लांबतो. आणि एका बाजूने उजेड आला, की हा सरकतो अंधाऱ्या बाजूला. मग ती बाजू जास्त वाढते आणि कोंब उजेडाकडे वाकतो."

काका ट्रेवर वाकून कोंबांकडे बघू लागले. "म्हणजे वाढणं अंधाराच्या बाजूला," ते म्हणाले, "आणि वाकणं उजेडाकडे."

"तसंच."

"आणि काम झाल्यावर रसाचं काय होतं?"

"मी त्याच्याच तर मागे आहे," बाई म्हणाल्या. "थोडा कोंब साखरेशी बांधून बाजूला ठेवतो, थोडा मोडून टाकतो. कुठे मोडतो, किती मोडतो, केव्हा मोडतो… जन्म पुरायचा नाही."

बाईंना खरंच जन्म पुरेल की नाही अशी शंका काकांना यायची, इतक्या त्या त्यात बुडालेल्या. जेवणाचा डबा तसाच परत न्यायच्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून यायच्या. काका मात्र तिथे असे रमले, की जणू एका खोलीतून उठून शेजारच्या खोलीत येऊन बसले होते. दिवा तेवढा लालचा हिरवा झाला होता. ऋतू बाहेर येत होते, जात होते. आत कायम तोच ओलसर गारवा, मातीचा आणि भिजल्या दाण्यांचा वास, आणि फिकट कोंबांची ती निमूट गर्दी. कधीकधी काकांना वाटे, की कान नीट लावला तर रस उतरताना ऐकू येईल. वरच्या मजल्यावर कोणी अनवाणी चालावं इतका हलका आवाज. ऐकू काही यायचं नाही. पण ते कान लावायचे.

काही वर्षांनी काम वाढलं आणि बाईंनी आणखी एक माणूस मागून घेतलं. आली ती काकांहून थोडी लहान, उंच, भराभर चालणारी. तिचे वडील घड्याळजी. चौकातल्या एका जिन्याखाली त्यांचं एवढंसं दुकान होतं, आणि शाळेपासून ती त्यांच्या शेजारी बसून केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलून जागेवर बसवत आलेली. वडिलांचे हात थरथरू लागले तसं दुकान बंद करावं लागलं. संस्थेत सगळे तिला घड्याळताई म्हणू लागले. दिवसाउजेडी बाईंनी तिची बोटं चालताना पाहिली आणि तिला ठेवून घेतलं.

पहिले काही दिवस काका तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. पण त्यांना काहीतरी खटकू लागलं. त्यांनी पुढे केलेला ट्रे ती घ्यायची नाही. तिचा हात उठायचा आणि ट्रेपासून वीतभर अंतरावर हवेत थांबायचा, पाण्यात हात घालून तळ शोधावा तसा. टेबलाचा कोपरा रोज तिच्या कमरेला लागायचा. "नवी आहे ना अजून," ती हसून म्हणायची. एकदा काका पाऊल न वाजवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि वळून पाहिलं. ते आधी जिथे उभे होते, त्या रिकाम्या जागेकडे बघून ताई हसत होती आणि विचारत होती, "आता पुढचे तुकडे करू का?"

तेव्हा काकांना कळलं. इथे आलेल्या प्रत्येकाचे डोळे थोड्या वेळाने सरावतात. हिचे सरावत नव्हते. हिला इथे काहीच दिसत नव्हतं. आणि हे बाईंच्या कानावर गेलं, तर हिची नोकरी गेलीच.

काय करावं ते त्यांना सुचेना. विचारावं, तर तोंड उघडायला हवं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "ट्रे ठेवला. तुमच्या उजव्या हाताला. कडेला लागून."

स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. ताई क्षणभर थबकली. मग तिचा हात उजवीकडे गेला आणि नेमका ट्रेवर टेकला.

"सापडला," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, अगदी हळू, "बरं झालं सांगितलंत."

न दिसण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. पण त्या दिवसापासून काका बोलू लागले. पाती कुठे ठेवली, चिमटा कुठे, वड्यांची ताटली कुठे, सगळं बोलून सांगू लागले. तुकडे करायला ताईला डोळ्यांची गरजच नव्हती. दोन पाती जोडलेलं एक छोटं हत्यार होतं, ते ती बोटांच्या अंदाजाने असं लावायची की तुकडा न तुकडा सारखा. काका ते तुकडे ओळीने मांडायचे. "शेंड्याकडची बाजू डावीकडे," असं सांगायचे, आणि ती एकेक उचलून वडीवर उभा करायची. गाडी छान चालली.

आणि बोलण्याचं असं असतं, की एकदा बांध फुटला की पाणी कुठवर जाईल सांगता येत नाही. ट्रेवरून काका कोंबांवर आले, कोंबांवरून फोटोंवर. एका नवऱ्याने लग्नाच्या फोटोत डोळे मिटले होते म्हणून मालकांनी त्याच्या पापण्यांवर ब्रशने डोळे कसे काढले, ते त्यांनी सांगितलं. ताई इतकी हसली, की हातातली वडी सांडली. मग तिने सांगितलं, की एक गृहस्थ दर महिन्याला तेच घड्याळ दुरुस्तीला आणायचे. वडील ते उघडायचे, नुसती फुंकर मारायचे, पुन्हा बंद करायचे. घड्याळाला काहीच झालेलं नसायचं. त्या माणसाला बोलायला कोणी नव्हतं.

हाका मारायची मात्र पंचाईत होती. सगळे तिला ताई म्हणत, पण काकांच्या जिभेवर ते नाव काही केल्या यायचं नाही. का यायचं नाही, हे स्वतःला विचारायलाही ते घाबरत. म्हणून ते "अहो" म्हणायचे. तीही "अहो" म्हणायची. दाराबाहेरून एकदा माळ्याने ऐकलं आणि तो गालात हसत निघून गेला. "आत एक जुनं जोडपं काम करतंय असं वाटतं," असं तो नंतर सगळ्या बागेत सांगत सुटला.

दोन्ही दारं उघडून बाहेर आलं, की जादू उतरायची. उजेडात ताई मोकळी, सगळ्यांशी हसणारी, पायऱ्या धडाधड उतरणारी. काका आपल्या बुटांकडे बघत उभे. एकदा चहाच्या टेबलाशी तिने विचारलं, "काय हो, आत एवढं बोलता आणि बाहेर आलात की मिठाची गुळणी?"

"हं," काका म्हणाले. आणि कप तोंडाला लावला.

मग दादाचं ऑपरेशन निघालं आणि काकांना काही दिवस इस्पितळात राहावं लागलं. नेमकं तेव्हाच बाईंनी नवं काम काढलं होतं. रस नेहमी शेंड्याकडून बुडाकडे जातो, बुडाकडून शेंड्याकडे नाही. तुकडा उलटा उभा केला, तर वरच्या वडीतला रस खालच्या वडीत जवळजवळ उतरतच नाही. कोंबाला आपलं वर-खाली आतून माहीत असतं. हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. बाईंना फक्त आपल्या बियाण्यावर ते पडताळून पुढे जायचं होतं. अर्धे तुकडे सुलटे, अर्धे उलटे, आणि या वेळी नेहमीपेक्षा खूपच आखूड.

काका परतले तेव्हा बाई बोळातच भेटल्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला काकांनी कधी पाहिला नव्हता.

"उतरला," बाई म्हणाल्या. "उलट्या तुकड्यांतून रस उतरला. भरपूर उतरला. असं आजवर कोणी पाहिलेलं नाही." आणि त्यांनी सांगितलं, की पुढच्या महिन्यात दूरच्या शहरात मोठी परिषद आहे, तिथे त्या हे मांडणार आहेत. त्या दिवशी त्यांच्या दोन्ही चपला एकाच जोडाच्या होत्या.

काका आत गेले. हिरव्या उजेडात ताई स्टुलावर बसून होती, हात मांडीवर, समोर काहीच काम नाही.

"अहो," काका म्हणाले, "ते तुकडे तुम्ही एकटीने लावलेत?"

"हो."

"दिसत…" ते थांबले. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता.

"नाही दिसत," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच आहे. बोटांनी लावले. लांब तुकड्याला एक टोक जरा निमुळतं लागतं. हे इतके आखूड, त्यात हातमोजे. दोन्ही टोकं सारखीच. काही सुलटे लागले असतील, काही उलटे. कुठला कसा, मला नाही सांगता येणार."

"मग बाईंना?"

"सांगायला गेले होते. त्या मोजणीच्या मशीनशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, ये, बघ, आणि माझा हात धरून त्यांनी अक्षरशः एक गिरकी घेतली. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही."

मग तिने पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तिच्या आत्याला हे दुखणं होतं. आधी अंधारातलं दिसेनासं होतं. मग नजरेच्या कडा जातात, वर्षं घेत घेत, आणि शेवटी मधोमध एक नळीएवढं जग उरतं. तेही राहील याचा भरवसा नाही. डॉक्टर म्हणाले होते, उजेडात अजून बरीच वर्षं निभेल. म्हणून तर तिने लग्नाचा विचार बाजूला ठेवला होता. घरात मिळवणारं कोणी नव्हतं. नोकरी समोर आली ती नेमकी अंधारातली, पण आली म्हणून तिने घेतली.

काका तिथूनच वळले, दोन्ही दारं ओलांडून बाहेर पडले आणि थेट बाईंच्या खोलीत गेले. ती खोली पूर्वेची, भिंतभर खिडक्या. न बोलावता ते तिथे कधी गेले नव्हते. उन्हाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते तुकडे," ते म्हणाले, "माझ्याकडून उलटसुलट झाले. चूक माझी."

बाईंनी मान वर केली. "तुम्ही तर इस्पितळात होतात."

काकांनी एवढा विचारच केला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला गेले, तेही धड जमलं नाही. तेवढ्यात मागून पावलं वाजली आणि दारात ताई आली.

"मी लावले," ती म्हणाली. "मला तिथे दिसत नाही. कधीच दिसलं नाही. यांच्या बोलण्यावर मी काम करत होते."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाल्या, "छान उजेड पाडलात दोघांनी," आणि उठून बाहेर निघून गेल्या. खिडकीतून त्या दिसत होत्या: वाफ्यांच्या मधल्या वाटेने खाली मान घालून चालणाऱ्या, टोकाला पोचून पुन्हा वळणाऱ्या. माळी पाण्याचा पाइप हातात धरून थिजल्यासारखा उभा होता.

प्रयोग पुन्हा झाला. या वेळी तुकडे काकांनी एकट्याने लावले. उलट्या तुकड्यांतून रस उतरला नाही. परिषदेचं भाषण बाईंनी रद्द केलं. कितीतरी दिवस त्या फक्त कामापुरतं बोलायच्या, आणि कोणीतरी जवळचं गेल्यावर घरात जशी शांतता असते तशी त्या बोळात असायची. ताईला त्यांनी काढलं नाही. काचघरात पाठवलं, तिथे सगळीकडून लख्ख उजेड, बिया निवडायच्या, पेरायच्या, रोपं मोजून कुंड्यांत लावायची. "जिथे दिसतं तिथे काम कर," एवढंच म्हणाल्या.

एकदा कोंबांचे ट्रे बघता बघता त्या काकांना आपणहून म्हणाल्या, "या रसाचं मोडणं मी इतकी वर्षं मोजतेय, पण ते का हवं याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. तो मोडला नाही ना, तर एकदा वाकलेला कोंब वाकतच जाईल. सरळ कसं व्हायचं हे त्याला कळणारच नाही." मग कागद उचलून त्या निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "परवापासून मोडण्याचंच काम घेऊ. बी जास्त लागेल. काचघरात सांगून ठेवा."

काकांनी सांगायला हवं होतं. ते गेले नाहीत. निरोप माळ्याच्या हाती पाठवला.

ताई गेल्यापासून हिरवी खोली त्यांना मोठी वाटू लागली होती. ते एकटेच ट्रे ठेवत आणि सवयीने म्हणत, "उजव्या हाताला, कडेला लागून." कोणी "सापडला" म्हणायचं नाही. दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागायची, आणि त्या डुलकीत कोंब छताला टेकायचे, छत फोडून वर जायचे, खोलीचं रान व्हायचं. फिकट, हिरव्या काळोखात बुडालेलं रान. त्यातून काका चालत असायचे आणि पुढे कुठेतरी, झाडांच्या आड, तिचा आवाज असायचा. काय म्हणतेय ते कळायचं नाही. पण खोडांतून काहीतरी हळूहळू खाली उतरत असायचं, आणि ते ज्या दिशेला जाई तिकडे त्यांचे पाय आपोआप वळायचे. जाग आली, की हातात रिकामी ताटली असायची.

वहिनींच्या नजरेतून काय सुटणार? "भाऊजी," त्या एक दिवस म्हणाल्या, "मध्यंतरी तुम्ही जेवताना बोलायला लागला होता. आता पुन्हा गप्प. कोण होती ती?"

"कोणी नाही," काका म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. पुतणी चष्म्यावरून बघत होती. "काका," ती म्हणाली, "कोणी नाही तर तिला जाऊन भेटून तरी या."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका काचघरात गेले. ऊन चहूकडून आत शिरलं होतं. काचा, पानं, पाण्याचे थेंब, सगळंच चमकत होतं. ताई एका लांब टेबलाशी बिया निवडत होती. तिने मान वळवली. आता ती मान जरा जास्तच वळवायची, हे काकांच्या लक्षात आलं.

"या," ती म्हणाली. "बी हवंय?"

काका उभे. डोळ्यांतून पाणी वाहतंय. हातातल्या रुमालाची त्यांनी घडी केली, उघडली, पुन्हा केली. ताई बघत राहिली. मग तिने हातातली चाळणी खाली ठेवली.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"आं?"

"मिटा डोळे. आणि मग बोला."

काकांनी डोळे मिटले. पापण्यांमागे तांबूस अंधार पसरला. त्यात उभं राहिल्यावर त्यांचा श्वास हळूहळू जागेवर आला.

"अहो," ते म्हणाले, "तुम्ही गेल्यापासून मी कुणाशी बोललेलो नाही. ट्रेशी बोलतो. ट्रे उत्तर देत नाही." ती हसल्याचा आवाज आला, तसा त्यांना धीर आला. "आपण दोघांनी… आता वय झालं म्हणतील लोक. म्हणू देत. माझी एक खोली आहे, दादाच्या घरी. पडदा जाड आहे, पण तो काढता येईल."

तिची पावलं जवळ आल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांचं माहीत आहे तुम्हाला. पुढे काय होणार तेही सांगितलंय. आंधळ्या बायकोला सांभाळत बसाल."

"अंधारात कसं राहायचं, तेवढं एकच मला नीट येतं," काका म्हणाले. "बाकीचं तुम्ही शिकवा."

"बाकीचं म्हणजे?"

"हेच. बाहेरचं. लोकांशी काय बोलायचं असतं ते."

"आता उघडा डोळे," ती म्हणाली. त्यांनी उघडले. ती अगदी समोर उभी होती, आणि भर उन्हात काका तिच्याकडे बघत राहिले. मान खाली गेली नाही.

घड्याळजींना विचारायला वहिनी, दादा आणि पुतणी असा सगळा लवाजमा गेला. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं. त्याने काकांना निरखलं आणि मुलीला मोठ्याने विचारलं, "बोलतो का गं हा?"

"फार," ताई म्हणाली.

वहिनींनी आश्चर्याने दिराकडे पाहिलं.

लग्न कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून बाईंनी सही केली, आणि पेन खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "माझ्या हातून निदान एक तरी नवीन गोष्ट घडली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या. मोडण्याच्या कामाचं पुढे बरंच नाव झालं. त्यासाठी त्यांना दूरवरून बोलावणी आली, आणि त्या गेल्या.

ताईची नजर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच गेली, कडांपासून आत, अगदी संथपणे. काचघर सोडावं लागलं. मग संध्याकाळी नोकरीवरून आले, की काका ताईचा हात धरून फिरायला निघायचे आणि वाटेत जे जे दिसेल ते सांगत जायचे. कोणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय, न्हाव्याच्या दुकानात कोण तोंडाला साबण लावून बसलंय, कुठली मांजर कुठल्या भिंतीवर. रस्त्यातली माणसं थांबून त्यांच्याशी बोलायची, आणि काकाही त्यांच्याशी बोलायचे. ज्यांचे चेहरे त्यांनी पाण्यातून वर येताना पाहिले होते, ते आता म्हातारे झाले होते.

एकदा असंच चालताना ते म्हणाले, "कोपऱ्यावरच्या घराला रंग दिलाय. आकाशी. खिडक्या पांढऱ्या."

ताई थांबली. समोर बघून तिने मान सावकाश इकडून तिकडे फिरवली, उरलेल्या त्या नळीएवढ्या जगातून भिंत तुकड्या-तुकड्याने जुळवत.

"अहो," ती म्हणाली, "ती भिंत आहे तशीच आहे. पोपडे निघालेत."

"हो," काकांनी कबूल केलं. "पण मला वाटलं, आकाशी बरी दिसेल."

"दिसेल," ती म्हणाली. मग दोघं पुढे निघाली, आणि काही पावलं गेल्यावर तिनेच विचारलं, "आणि दार? दाराला कुठला द्यायचा?"